भिंतीपलीकडची काठी

"हे मागे काय वाजतंय रे?" रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून विचारलं.

रॅपर हसला. शेजारच्या काकूंची काठी, दुसरं काय! दोन वर्षं तो घरीच मोबाइलवर गाणी कच्ची रेकॉर्ड करत होता आणि दोन वर्षं काकूंनी भिंत ठोकून त्याच्या डोक्याचा भुगा केला होता. ठक, ठक, ठक. मग तोही अशा शिव्या द्यायचा की भिंतीनेच कानांवर हात ठेवावेत.

अल्बम त्याच दोन वर्षांचा होता. दारू, निघून गेलेली बायको, दिवसच्या दिवस अंथरुणात. खाली जुन्या अमेरिकन सोल गाण्यांसारखा संथ ऑर्गन आणि वर त्याचे खरखरीत बोल. शेवटच्या गाण्यात त्याने एकेकाचे आभार मानले होते. दादाचे, वहिनीचे, डॉक्टरीणबाईंचे. अगदी मनापासून. ही माणसं नसती तर आपण नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काकूंच्या वाट्याला मात्र चार टोमणे आले होते.

रेकॉर्डिस्टला ते ठोके भलतेच आवडले. शेवटचं गाणं या ठोक्यांवरच उभं करू म्हणाला, पण आधी काकूंना विचारून ये. शिवाय एक गंमत त्याच्या लक्षात आली होती. गाणं चालू असताना एकही ठोका नव्हता. रॅपर थांबायचा, मोबाइल तसाच चालू राहायचा, आणि मग ठोके पडायचे. बाई तालाला पक्क्या आहेत म्हणाला.

काकू नाही म्हणाल्या तर गाणं गेलंच. रॅपर बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. गाणं त्याने टोमण्यांसकट ऐकवलं. काकूंनी काठीवर रेलून सगळं ऐकलं, टोमण्यांना हसल्या आणि खुशाल वापर म्हणाल्या. त्याला हायसं वाटलं. निघताना त्याने माफी मागितली. माझ्या गाण्याचा तुम्हाला फार त्रास झाला, म्हणाला.

"गाण्याचा कसला त्रास?" काकू म्हणाल्या. "तू गात असलास की मी निवांत असायची. माझा धाकटा भाऊ असाच एकटा राहायचा. एक दिवस गप्प झाला, आम्हाला कळलं चार दिवसांनी. म्हणून तुझा आवाज बंद झाला की ठोकायची. तू शिवी हासडलीस की माझ्या जिवात जीव यायचा."