डोळे उघडून द्या

बेकार पोरापोरींसाठीच्या मोफत कॉम्प्युटर कोर्समध्ये सरांनी एक युक्ती शिकवली होती. फोटोत कुणाचे डोळे मिटले असतील, तर त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतले डोळे उचलून तिथं बसवायचे. त्या शिकण्यावरच सृष्टीला आखाडा बाळापूरच्या फोटो स्टुडिओत काम लागलं.

पहिल्याच आठवड्यात द्वारका आली. तिच्या मोबाईलमध्ये तान्ह्या लेकीचा फोटो होता. दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेले.

"फ्रेम करायची हाय. पन हिचे डोळे उघडून द्या."

"दुसरा फोटो द्या ताई, त्यातले बसवते."

"दुसरा न्हाई. एवढाच काढला, अन् लेकरू गेलं."

सृष्टीनं तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला. घरून स्वतःचा तान्हेपणीचा फोटो आणला, स्कॅन केला आणि त्यातले डोळे त्या चेहऱ्यावर बसवले. सांगितलं कुणालाच नाही.

फ्रेम हातात घेऊन द्वारका कितीतरी वेळ बघत राहिली.

"असेच होते ना, ताई?" सृष्टीनं भीत भीत विचारलं.

"मला काय म्हाईत, बाई? तिनं उघडलेच न्हाईत."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी द्वारका स्टुडिओत येऊन बाकावर बसते. सृष्टी कॉम्प्युटरवरून मान वर करेपर्यंत थांबते. मग तिच्या डोळ्यांत टक लावून बघते आणि उठून जाते.

काल सृष्टीनं विचारलंच, "काही काम होतं का, ताई?"

"न्हाई गं. लेकीला बघायला आले."