चिमूटभर साखर

"ताई, तुमचे लाडू मी भेट म्हणून नोंदवतो, फक्त डबा तेवढा रिकामा परत घ्या," कार्ड कंपनीचा माणूस फोनवर काकुळतीला आला होता. "हे खातं मिटेपर्यंत तुमचं कार्ड दुसऱ्या कुठल्याच दारी चालणार नाही."

एके काळी दुकानात पैसे भरायला निघालेलं हे कार्ड आता जगभरातल्या घरांच्या दारांवर चालत होतं. परक्या गावात कुणाच्याही दाराला कार्ड टेकवावं आणि लागेल ती वस्तू उसनी आणावी. लेकीकडे नॉर्वेला आलेल्या विशाखाताईंनी समोरच्या इंग्रिडबाईंकडून असंच मोठं पातेलं आणलं होतं. परत देताना त्यांनी त्यात खीर घातली. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं? कार्डाच्या यंत्राने ती खीर नवी उसनवारी धरली. मग इंग्रिडबाईंनी फेड म्हणून मासळीचं सूप दिलं, ताईंनी त्यावर लाडू पाठवले आणि खातं वाढतच गेलं.

संध्याकाळी इंग्रिडबाईंनी डबा आणून दिला. "रिकामा आहे," त्या खाली बघत म्हणाल्या आणि लगबगीने घरात शिरल्या.

खातं बाकी असल्याचा ताईंच्या कार्डावरचा लाल दिवा मात्र विझला नाही. त्यांनी झाकण उघडलं. तळाशी चिमूटभर साखर होती.

फोन पुन्हा वाजला. "ताई, अजून मिटलं नाही हो! दुसरं कुठलं दार उघडणार नाही तुम्हाला!"

"नाही उघडलं तर नाही," ताई साखर जिभेवर ठेवत म्हणाल्या, "समोरचं उघडं आहे."