एका मताचा फरक

आमच्या मतदारसंघातले आधीचे पाचही खासदार मुदत संपण्याआधीच मारले गेले: तिघे गोळीने, एक सुऱ्याने, एक गाडीतल्या स्फोटात.

यंदाही बाबा हरले, तेही एका मताने. "कोण तो अस्तनीतला निखारा? सापडू दे, नरडंच दाबतो!" असं ओरडत त्यांनी रेडिओ भिंतीवर फोडला.

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कानात कुजबुजली, "मीच दिलं समोरच्याला मत. पडले तर पडले, जीव तर वाचला त्यांचा!"

 

बाहेर बाबा फोनवर सांगत होते, "पुन्हा पडलो रे. मागच्या पाच जणांसारखं याचंही उरकून टाका. पोटनिवडणुकीचा अर्ज मी भरून ठेवतो."