मूळ कागद

“टाइप केलेली प्रत घ्या. मूळ कागद मिळणार नाही,” सरकारी वकील म्हणाले. “तारीखही नाही. त्यावरून तक्रार करणारा ओळखू येईल. त्याचं नाव झाकणं हा सरकारचा अधिकार आहे.”

वकीलबाईंनी प्रत वाचली. सरकारी औषध भांडारातून मागच्या दाराने खोकी बाहेर जातात, भांडारप्रमुखांना जाब विचारा. एवढंच. खाली सही नाही. या दोन ओळींवर भांडारप्रमुख असलेल्या त्यांच्या बाबांना चोर ठरवून घरी बसवलं होतं.

नाव झाकायचं हे ठीक. पण तारीख? कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाबांचा संशय पक्का होता. “धाकट्याचंच काम. मी बढतीनं त्या खुर्चीवर बसलो तेव्हाच त्याचं तोंड उतरलं होतं.”

“काका असं करतील?”

“तू लहान आहेस अजून. अकरा वर्षं मी दुय्यम म्हणून घासली, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. मोठा झालो आणि पत्र गेलं.”

दोन वर्षं भावाभावांत अबोला होता. काकांच्या मुलीच्या लग्नालाही बाबा गेले नाहीत. काकू दारात येऊन रडल्या, तर त्यांनी दार लावून घेतलं. वकीलबाईंना ते पटलं नव्हतं. पण हल्ली काका रस्त्यात दिसले की त्याही नजर चुकवायच्या. संशय घरात शिरला की सगळ्यांच्या ताटात बसतो, हे त्यांना आता कळलं होतं.

सुनावणीत त्यांनी एकच मुद्दा लावून धरला. “ज्या कागदावर माणसाची अब्रू गेली, तो कागद कधीचा हेही त्याला कळू नये?”

सरकारी वकिलांनी घाम पुसला. “यात लोकहिताचा प्रश्न आहे.”

“लोकहित तारखेला एवढं का घाबरतं?”

न्यायाधीशबाईंनी मूळ कागदाचं बंद पाकीट मागवून आपल्या दालनात नेलं. अर्ध्या तासाने दोन्ही वकिलांना आत बोलावलं.

“मी वाचलं. कागद दाखवायला हवा. पण फक्त वकीलबाईंना. पक्षकाराला एक शब्द सांगायचा नाही, घरीसुद्धा नाही. तशी लेखी हमी द्या.”

वकीलबाईंनी सही केली. दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेले बाबा दिसत होते. त्यांनी मूठ वळून दाखवली. आज सोडायचं नाही.

घडी उघडली. तारीख वरच्याच कोपऱ्यात होती. बाबा प्रमुख झाले त्याच्या चार महिने आधीची! म्हणजे तक्रार आधीच्या प्रमुखांवर होती. पत्र फायलीत धूळ खात पडलं, चौकशी उशिरा लागली आणि खुर्चीवर सापडला त्याला धरलं. सरकारी वकील खिडकीबाहेर पाहत होते.

खटला जिंकल्यात जमा होता. ही तारीख इथेच, दालनातल्या युक्तिवादात मांडायची, बस्स.

“अक्षर ओळखीचं आहे का?” न्यायाधीशबाईंनी सहज विचारलं.

तेव्हा कुठे वकीलबाईंनी अक्षराकडे पाहिलं. शाळेत असताना त्या आजारी पडल्या की वर्गाच्या बाईंना द्यायचा रजेचा अर्ज बाबा याच अक्षरात लिहून द्यायचे.