दगडाबाईंच्या टीव्हीबाबत

शेजारच्या टीव्हीचा निकाल लागला तो असा, की टीव्ही गप्प झाला. पण ते सोडा. तसं काही झालंच नाही असं धरून चला, कारण मंगळवारी सकाळी कल्याणप्पा अर्ज टाइप करायला बसले तेव्हा रागानं त्यांची बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती.

धाराशिवात कचेरीबाहेर लिंबाखाली त्यांचं टेबल. तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून पोट भरलेला माणूस. स्वतःच्या नावाचा अर्ज मात्र हा पहिलाच.

"कुणाविरुद्ध?" पलीकडच्या टेबलावरच्या शंभुलिंगनं विचारलं.

"दगडाबाई. आमच्या भिंतीला भिंत."

शंभुलिंगला पुढं विचारायची गरज पडली नाही. त्या टीव्हीची ख्याती बसस्टँडपर्यंत होती. दगडाबाईंना ऐकायला कमी, त्यामुळं आवाजाच्या सगळ्या काड्या कायम भरलेल्या. संध्याकाळी सातची मालिका सुरू झाली की कल्याणप्पांच्या मांडणीवरच्या वाट्या आपोआप नाचायला लागत.

कल्याणप्पांच्या घरात टीव्ही नव्हता. मुलगी गायत्री बारावीला गेली त्या वर्षी त्यांनी तो भंगारात दिला आणि ओट्यावर उभं राहून गल्लीला सांगितलं, की या घरात पुन्हा टीव्ही आला तर मिशी ठेवणार नाही. गायत्री शिकली, पुण्यात नोकरीला लागली. मिशी पिकली, पण जागेवर राहिली. फोनसुद्धा बटणांचाच.

तरी मालिकांवर त्यांच्याइतका भडकणारा माणूस जिल्ह्यात सापडला नसता. चहाच्या गाड्यावर रोज सकाळी त्यांचं सुरू व्हायचं. सासू जिना उतरायला लागली की ढोल वाजतात आणि ती आठ मिनिटं उतरतच राहते. एवढा जिना तर कलेक्टर हापिसाला बी न्हाय. नवरा म्हणे करोडोंचा कारखानदार, पण भरदुपारी घरात. कुणी दाराआड कुजबुजलं की दुसरं कुणीतरी ऐकायला हजर, त्या बंगल्यात भांडी कोण घासतं देव जाणे. मेलेला दीर दोनदा परत आला, तरी एकानंही त्याचं नाव रेशनकार्डावर पुन्हा चढवलं नाही. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना फार राग होता. तो अर्ज त्यांनी फुकट लिहून दिला असता.

"मग बघता कशाला, आण्णा?" चहावाल्यानं एकदा विचारलं.

"बघतंय कोण? कानावर पडतंय."

गल्लीला त्यांची कीव यायची. गेल्या उन्हाळ्यात एक वरात नेमकी सातला त्यांच्या दारात आली. हा शांत माणूस बनियनवर रस्त्यात उतरला आणि डीजेची वायर उपटून उभा राहिला. घोड्यावर नवरदेव, खाली हे, हातात वायर. साडेसातला मात्र त्यांनी ती स्वतः परत लावून दिली आणि नवऱ्याला आशीर्वादही दिला. आवाजानं बिचाऱ्याचं डोकं फिरतं, असं सगळ्यांचं ठरून गेलं.

दगडाबाईंचा मुलगा रणधीर तसा भला. मागच्या आठवड्यात आईला दवाखान्यात दाखवायला सोलापूरला नेऊन आला, तेव्हा फाटकापाशी त्याची गाठ पडली.

"काका, इतकी वर्षं तुमाला लई तरास झाला. आता म्या बगितलंय त्याचं."

कल्याणप्पा बरं म्हणाले आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांचा पारा जो चढला तो उतरेना. जेवून उठताना ताट सरकवायचे ते भिंतीपर्यंत जायचं. नीलम्मा, त्यांची बायको, रोज सातला भिंतीशी बसून शेंगा सोलायची. ती आता शेंगा घेऊन स्वयंपाकघरात बसायला लागली. अर्जाचं कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

"अय्यो, नका ओ असलं करू. बारा वर्षांचा शेजार हाय. गायत्रीच्या लग्नात दगडाबाई आठ दिस पोळ्या लाटत होत्या. त्या बोलायच्या बंद झाल्या तर म्या कुणाच्या तोंडाकडं बगू?"

"तोंडानं सांगण्यासारखं हाय का हे? म्हणून तर लेखी करतोय."

आता लिंबाखाली टाइपरायटर खडखडत होता. शंभुलिंगनं हळूच विचारलं, काल काय झालं मालिकेत.

कल्याणप्पांनी बोटं थांबवली. "त्या निकितानं खिरीत विष कालवलंय. वाट्या दोन. धाकटीनं एक उचलली, ओठापर्यंत नेली, आणि तिथंच बंद. आज नऊ दिवस. माणसाच्या जिवाला काय वाटतं, काय किंमत हाय का त्याची कुणाला?"

"मालिकावाले असंच टांगून ठेवतेत."

"मालिकावाले न्हायत," कल्याणप्पा म्हणाले आणि पुन्हा टाइप करू लागले.

अर्जाचा त्यांचा एक नियम होता. कारणं आधी, मागणी शेवटच्या ओळीत. वाचता वाचता साहेबाला पहिल्यांदा राग आला पाहिजे. शंभुलिंग यंत्रातून वर सरकणारा कागद वाचत गेला: अर्जदार ज्येष्ठ नागरिक असून, गैरअर्जदाराच्या टीव्हीपायी अर्जदारास झोप नाही, अन्न गोड लागत नाही, पत्नीशी विनाकारण खटके उडतात. त्याला खरंच राग आला. त्यानं खिशातलं पेन काढून साक्षीदाराच्या जागी सही ठोकली आणि म्हणाला, आण्णा, सोडू नका त्यांना.

कल्याणप्पांनी मान हलवली, एकदा मिशीवरून हात फिरवला आणि शेवटची ओळ टाइप केली:

"तरी मेहेरबान तहसीलदार साहेबांनी, गैरअर्जदार दगडाबाई यांनी सोलापूरहून आणलेले कानाचे यंत्र रोज सायंकाळी सात ते साडेसात या वेळेत कानातून काढून ठेवावे, असा आदेश तातडीने पारित करावा, ही नम्र विनंती."