आंब्याच्या पेटीतला हात

बांगड्या फोडायला एकही बाई तयार होईना.

भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात शूटिंग खोळंबलं. वाडीतल्या सोळा बायका रोजीवर रडायला आणल्या होत्या. रडा म्हटलं की रडत होत्या, छाती पिटा म्हटलं की पिटत होत्या. पण कुंकू पुसायचं नाव काढलं की एकेक मागे सरकत होती. खोटं तर खोटं, नवरा जिवंत असताना कपाळ कोण पुसणार?

"आमच्या धन्यांना मुंबैत काय झाला मंजी? तुमी येनार काय भरून द्यायला?" सखूनं डायरेक्टरला तोंडावर विचारलं. त्यानं कपाळाला हात लावला.

सिनेमा खुनाचा होता. पहिल्या भागात मुखवटा घातलेल्या एका माथेफिरूनं कोयत्यानं अकरा माणसं कापली होती. लोकांनी घाबरावं म्हणून काढलेला सिनेमा, आणि लोक थेटरात पोट धरधरून हसले. निर्माता शहाणा. त्यानं दुसरा भाग हसण्यासाठीच काढला. आता खुनी मेलेल्यांचे हातपाय आंब्याच्या पेटीत भरून घरपोच पाठवणार होता. बायकोनं पेटी उघडायची, पेंढ्यातून नवऱ्याचा हात काढायचा, बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं आणि मग एकदम खूश व्हायचं, असा सीन. हे काम करणारी मुंबईची नटी आदल्या दिवशी तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण हादडून आडवी झाली होती.

"मी करत्ये," मालन म्हणाली.

बायकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या सासूकडे. सोनूबाई मागे एका खोडाला टेकून बसली होती. मालनचा नवरा भागोजी हा तिचा एकुलता एक लेक. कांडल्याच्या बंदरात कामाला म्हणून गेला तो गेलाच. वर्षभर पत्रं आली, मग बंद झाली. त्यानं तिकडे दुसरी बाई ठेवली, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मालन तेव्हा बावीस वर्षांची होती. त्याला आता सहा वर्षं झाली. सहा वर्षं ती सासूचं भात लावत होती, गवत कापत होती, सासूचे पाय चेपत होती आणि रोज सकाळी आंघोळ झाली की रुपयाएवढं कुंकू लावत होती. प्रेमानं नव्हे हो, हट्टानं! दुसरी केलीस ना? कर मेल्या. पण लग्नाची मी आहे. एक ना एक दिवस येशील, तेव्हा याच कपाळानं उंबऱ्यावर उभी राहून तुला जाब विचारीन. त्या एका दिवसावर तिचा जीव टांगलेला होता.

"सोनूबाय, सांग की गो सुनेला! तुझ्या लेकाच्या जिवावर उठलीय ही," सखू म्हणाली.

सोनूबाईनं मान वर केली नाही. "करू दे तिला."

कसली ही आई, बायका कुजबुजल्या. मालनला मात्र बरं वाटलं. म्हातारी शेवटी आपल्याच बाजूची निघाली म्हणायची.

कॅमेरा सुरू झाला. खुन्याचं काम करणारा नट मुखवटा डोक्यावर सारून बाजूला शहाळं पीत बसला होता. मालननं पेटी उघडली. पेंढ्यातून रबराचा हात निघाला. तिनं दगडावर बांगड्या फोडल्या, तळव्यानं कुंकू पुसलं आणि तो हात डोळ्यांसमोर धरला. शिकवलेलं वाक्य ती साफ विसरली.

"आलास? येवढाच आलास? बाकीचा तिच्याकडं ठेवून आलास काय रं मेल्या?"

डायरेक्टर खुर्चीतून उठलाच.

"ह्या हातानं तिला बांगड्या भरल्यास, आणि मला दोन वळी लिवायला हात मोडला व्हता तुझा? मेलास ता ब्येस झाला! त्या अकरांच्या आधी तुलाच कापायला हवा व्हता!" आणि तिनं त्या हाताला फाडकन चापट मारली.

सगळे हसत सुटले. शहाळं पिणाऱ्या खुन्याला ठसका लागला. रडायच्या बायकाही पदराआड हसू लागल्या. मालनला सहा वर्षांत इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

"बाई, कमाल केलीत!" डायरेक्टर डोळे पुसत म्हणाला. "कॅमेरा हलला हो आमचा हसून हसून. एकदा परत घेऊ. कुंकू लावा, बांगड्या भरा."

कुणीतरी कुंकवाचा करंडा दिला. मालन हसतच सासूशेजारी येऊन बसली. करंड्यात बोट घातलं, तोच सोनूबाईनं तिचं मनगट धरलं. तेवढी एकटीच हसत नव्हती.

"नको लावूस."

"अवो आत्याबाई, परत पुसायचा हाय. आणि घरी काय कोऱ्या कपाळानं जाऊ? उद्या तुमचा लेक दारात उभा रवला तर?"

"त्येला शिव्या नको गो घालू." म्हातारीचा आवाज फाटला. "बाई-बिई कोन नव्हती कांडल्याला. ती आवई मीच उठवली. तो काविळीनं गेला, सहा वर्सा झाली. तार आली तवा तू शेतावर व्हतीस. मास्तरांनी वाचली, त्यांना मी देवीची आन घातली."

रोज सकाळी ज्याला शिव्या घालून दिवस सुरू केला, तो त्या ऐकायलाही नव्हता.

"आनि मला सांगितलात नाय?"

"सांगितला असता तर तुझ्या भावानं दुसऱ्या कुनाशी तुझा पाट लावून दिला असता," सोनूबाई म्हणाली. "मग माझ्याजवळ कोन रवला असता?"