रजिस्टरातलं नाव

वजीरनं ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावरच बसला.

"रजिस्टर दाखवता येत न्हाई," तो म्हणाला.

समोर सास्तूरचे महालिंगप्पा उभे होते. परीटघडीचं धोतर, डोक्याला रेशमी काठाचा रुमाल, हातात वेताची काठी. एस.टी.तून उतरून ते थेट लिंबाखाली आले होते, पण बाकापासून दहा हात लांबच थांबले होते. बाकावर महारोगाचे सहा रोगी बसले होते. सरकारी दवाखान्यातला वजीर दर मंगळवारी तामलवाडीबाहेरच्या या लिंबाखाली येई, चट्टे तपासी, रजिस्टरात नाव लिहून आठवड्याच्या गोळ्या देई. गावात त्याला कुणी जागा दिली नव्हती.

"सगळं रजिस्टर कुणाला बघायचंय?" महालिंगप्पा म्हणाले. "एकच नाव विचारतोय. शिवप्पाची पोरगी, इरम्मा. येत्या सोमवारी माझ्या पोराशी तिचं लगीन हाय. आमच्या कानावर आलंय, ती हितं येती. तिचं नाव हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"तेबी सांगता येत न्हाई."

महालिंगप्पांच्या मागं इरम्माचे वडील शिवप्पा उभे होते. त्यांनी हात जोडले. "वजीरभाई, न्हाई म्हणून टाका. तुमास्नी ठावं हाय. ती नुसती पाणी द्यायला येती."

वजीरला ठाऊक होतं. गावच्या आडावर या लोकांना कुणी उभं करत नव्हतं, म्हणून शेजारच्या रानातली इरम्मा आपल्या विहिरीची घागर भरून आणून ठेवायची. रजिस्टरात तिचं नाव नव्हतं. एक 'न्हाई' म्हटलं की लग्न वाचत होतं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

तेवढ्यात बाकाच्या टोकाला हालचाल झाली. आज पहिल्यांदाच आलेली एक बाई पदर तोंडावर ओढून पायानं चपला चाचपत होती. तिनं अजून नावही सांगितलं नव्हतं.

वजीरनं शब्द गिळला.

"आप्पा," तो शिवप्पांना म्हणाला, "आज म्या इरम्माचं न्हाई म्हणून सांगितलं, तर उद्या कुणीतरी दुसऱ्या पोरीचं विचारायला येईल. तिचं नाव असलं तर काय सांगू? गप बसलो तरी समोरच्याला कळणार. मग हितं कोण येईल? बोटं झडंपतूर घरात दडून बसतील."

"दुसऱ्याच्या पोरीपायी माझ्या पोरीचं वाटोळं करता व्हय?"

वजीरनं मान खाली घातली, पण ट्रंकेवरून उठला नाही.

महालिंगप्पांनी काठी आपटली. "जिल्ह्याचे साहेब माझ्या वळखीचे हायेत. तुमची नोकरी ऱ्हाती का बघतो."

"नोकरी घ्या. नावं न्हाई मिळायची."

"मग आमी काय समजायचं ते समजलो." महालिंगप्पा वळले. "शिवप्पा, लगीन मोडलं."

शिवप्पा मटकन खाली बसले.

इरम्मा बांधावर उभी होती, डोक्यावर घागर घेऊन. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. ती खाली आली, घागर बाकाशेजारी ठेवली आणि वजीरपुढं येऊन थांबली.

"भाऊ, माझं नाव हाय का न्हाई, ते मला सांगता येतं का?"

"तुझं तुला येतं. पण एकटीला. अन् तूच विचारलंस तर."

शिवप्पा धडपडत उठले. "चिठ्ठी माग, इरम्मा. नाव न्हाई अशी चिठ्ठी लिहून घे. अजून ते गेले न्हाईत."

महालिंगप्पा थांबले होते. "व्हय," ते म्हणाले. "चिठ्ठी दाखवलीस तर म्या मानीन. मोडलं म्हणालो ते मागं घेईन."

वजीरनं खिशातली पेन्सिल काढली. तिनं चिठ्ठी मागितली असती तर त्याला द्यावी लागली असती. आणि द्यायला आनंदच झाला असता.

इरम्मानं महालिंगप्पांकडं नीट पाहिलं.

"मामा, तुमच्या पोराची चिठ्ठी आणलीय का?"

"त्याला काय झालंय?"

"ते तपासल्याबिगर कसं कळंल?"

इरम्मा बाकाकडं गेली. बोटं आखूड झालेला बलभीम तिला जागा देण्यासाठी घाईनं सरकला. ती त्याच्या शेजारी टेकली.

"इरम्मा, ऊठ तिथनं," शिवप्पा म्हणाले.

"तपासून घेते, आप्पा. निघालं तर गोळ्या घेईन. न्हाई निघालं तर रानात जाईन, खुरपणी पडलीय." मग ती महालिंगप्पांना म्हणाली, "तुमच्या घरला मात्र कसंबी येत न्हाई. तुमी निघा, मामा. एस.टी. चुकंल."

महालिंगप्पा काठी टेकत सडकेकडं चालू लागले. शिवप्पा त्यांच्या मागं चार पावलं गेले आणि मध्येच थांबले. ना पुढं, ना मागं.

ती नवी बाई एका पायात चप्पल घालून अजून उभीच होती. इरम्मानं तिच्या पदराला हात लावला.

"बसा की. तुमी आधी आलाय, माझा नंबर तुमच्या मागनं."

बाई बसली. वजीर ट्रंकेवरून उठला, झाकण उघडलं, रजिस्टर काढलं आणि कोरं पान वर घेऊन तिच्यापुढं उकिडवा बसला.

"नाव?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

बाई पुढं वाकली आणि पदराआडून तिनं ते सांगितलं. शेजारी बसलेल्या इरम्मालाही ऐकू गेलं नाही. वजीरनं लिहून घेतलं.